गाडी गार होईपर्यंत

"गार होऊ दे आधी तिला. तापल्या अंगावर पांघरूण घालायचं नसतं गं, आत सगळं शिजतं."

स्कूटर स्टँडवर चढवली की हा आवाज मावशींच्या कानाशी यायचाच. आवाजाचा धनी जाऊन दोन वर्षे होत आली, पण त्याची शिकवणी काही संपली नव्हती. आताही इस्पितळाच्या आवारात, घडी घातलेले करडे कव्हर छातीशी धरून मावशी उन्हात स्कूटरशेजारी उभ्या होत्या, आणि गेटवरचा वॉचमन त्यांच्याभोवती घोटाळत होता.

"मावशी, झाका ना आता. साहेबांची गाडी वळणावर दिसतेय."

"सायलेन्सरला हात लावून बघा."

"मी कशाला लावू? भाजेल ना!"

"तेच म्हणतेय मी," मावशी हळूच म्हणाल्या.

वॉचमनने डोके खाजवले. माणूस वाईट नव्हता. नव्या नियमात 'वाहन लावताक्षणी झाकावे' असे लिहिले होते. पण मालक शेजारी उभा आहे तोवर गाडी लावली असे धरायचे नाही, ही पळवाट त्यानेच मावशींसाठी शोधून काढली होती. म्हणून गेले तीन दिवस त्या स्वतःच्याच गाडीवर पहारा देत होत्या. पंधरा मिनिटे. कधी सतरा. गाड्यांसाठी गेट उघडायचे नऊला दहा कमी असताना, आणि हजेरीचे बुक नऊच्या ठोक्याला हेडक्लार्कच्या टेबलावर जायचे. गाडी गार झाली की मावशी लेट, हे ठरलेलेच.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावापुढे लाल रेघ पडली नव्हती. आता लागोपाठ दोन पडल्या होत्या, आणि तिसरी आज पडणार होती.

मावशी इस्पितळाच्या कपडेखोलीत कामाला होत्या. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन ताब्यात घ्यायचे, फाटलेले शिवायचे, वॉर्डावॉर्डांत पाठवायचे. खाली डॉक्टर माणसांना टाके घालत, तिसऱ्या मजल्यावर मावशी चादरींना. म्हणून सगळे त्यांना टाकेमावशी म्हणत. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना त्या एकच नेम मनाशी धरत: आज आवाज चढवायचा नाही. तो मोडल्याचा दिवस कुणाला आठवत नव्हता. राग येत नसे असे मुळीच नाही. राग आला की त्यांचा आवाज आणखी खाली जाई, आणि ज्यांना हे ठाऊक होते ते तेवढ्यानेच सावध होत.

हे कव्हरचे प्रकरण कुठून उपटले, तर एका शेडमधून. आवाराच्या डाव्या अंगाला पत्र्याची शेड होती. वीस वर्षांपूर्वी आया, सिस्टर, लिफ्टवाला, कंपाउंडर, सगळ्यांनी वर्गणी काढून ती उभी केली होती. मावशींचे यजमान तेव्हा इस्पितळाच्या पाण्याच्या पंपावर होते. तीन रविवार शिडीवर चढून त्यांनी पत्रे बसवले. एकेक नटबोल्ट त्यांच्या हातचा. त्या छपराखाली सायकली आणि स्कूटर गुण्यागोविंदाने नांदत. दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारी तिथे चार मोटारी येऊन उभ्या राहिल्या आणि खांबावर पाटी लागली: 'फक्त अधिकाऱ्यांसाठी'. स्कूटर आल्या उघड्यावर. ऊन, धूळ, आणि वरच्या झाडावरल्या पाखरांची मेहेरबानी.

एवढ्यावर भागले असते तरी लोक गप्प बसले असते. गप्प बसायची सवय असतेच अंगात मुरलेली. पण उघड्यावर आलेल्या त्या स्कूटर साहेबांच्या खिडकीतून दिसू लागल्या आणि साहेबांच्या डोळ्यांना खुपल्या. झाले, नोटीस लागली. उघड्या वाहनांमुळे आवाराची शोभा जाते. सबब प्रत्येकाने आपले वाहन चंदेरी वॉटरप्रूफ कव्हरने लावताक्षणी झाकावे, अन्यथा ते गेटबाहेर काढण्यात येईल. मंजूर कव्हर कार्यालयात मिळेल. किंमत साडेनऊशे.

आमच्या पैशांचे, आमच्या माणसाने बसवलेले छप्पर तुम्ही काढून घ्यायचे, आणि उघडे पडल्याचा दंड वर आम्हीच भरायचा! नोटीस वाचताना मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला होता. शेजारच्या आयाला मात्र त्यांचे एवढेच शब्द ऐकू आले, "बघा हं."

गेटबाहेर म्हणजे हमरस्ता. मागच्या महिन्यात कंपाउंडरने तिथे स्कूटर ठेवली, तर संध्याकाळी नुसता साखळीचा तुकडा हाती आला. मावशींची गाडी तशी गेली असती, तर त्या चालत कामाला आल्या असत्या. त्याचे त्यांना काही वाटले नसते. पण मग आक्कांचे काय?

आक्का म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली तेव्हा त्यांनीच भावाला लहानाचे मोठे केले आणि त्या नादात स्वतःचे लग्न राहून गेले. आता दृष्टी पूर्ण गेलेली. वृद्धाश्रमातली एक कॉट आणि एक खिडकी एवढाच संसार. दर गुरुवारी संध्याकाळी भाऊ त्यांना स्कूटरवर मागे बसवून गावभर फिरवून आणायचा. आक्का नाकाने रस्ते ओळखायच्या. "ही बेकरी आली. आज पाव करपवलेत मेल्यांनी. आता लाकडाची वखार. इथून डावीकडे घे, साबणाचा कारखाना लागेल." एकदा चौकात शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी सांगितले, "तुमचं पेट्रोल गळतंय हो." त्याने वाकून पाहिले तर खरेच गळत होते.

यजमान अंथरुणाला खिळायच्या आधी त्यांना पहिली काळजी पडली ती गुरुवारची.

"अगं, तू शिक."

"मी? बावन्नाव्या वर्षी? अहो, हसतील लोक."

"हसू देत. त्यांची तरी करमणूक होईल."

मग याच आवारात रविवारी सकाळी ते खुर्चीत शाल गुंडाळून बसत आणि मावशी शेडच्या खांबांना वळसे घालत आठाचा आकडा काढत. ब्रेक कसा दाबायचा, प्लग कसा पुसायचा, गाडी कधी झाकायची आणि कधी नाही, सगळे त्यांनी पढवले. शेवटच्या आठवड्यात आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाले, "आक्काला सांगून ठेवलंय मी. गुरुवारी ही येईल म्हणून. येशील ना?"

"येईन."

त्या दिवसापासून एकही गुरुवार चुकला नव्हता. आणि आज गुरुवार होता.

साडेनऊशेला न बघता मान डोलावणे मावशींच्या स्वभावात नव्हते. नोटीस लागली त्याच रविवारी त्यांनी बाजार गाठला आणि ताडपत्रीवाल्याच्या दुकानात तासभर ठाण मांडले. पहिले कव्हर प्लॅस्टिकचे, हात लागताच चुरचुरणारे. "एक उन्हाळा काढेल," ताडपत्रीवाला म्हणाला, "दुसऱ्याला बिस्किटासारखं मोडेल." दुसरे ताडपत्रीचे, इतके जड की रोज घालता-काढताना खांदा निखळावा. तिसरे चंदेरी, झगझगीत. मावशींनी ते उजेडाकडे धरले. शिलाईच्या भोकाभोकांतून उजेडाचे ठिपके दिसले. मग कापडाला तोंड लावून त्यांनी फुंकर मारली. वारा आरपार जाईना.

"मावशी, कव्हर घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

"मुलगी बघायला आले असते तर एव्हाना चहा तरी मिळाला असता."

ताडपत्रीवाला खो खो हसला आणि त्याने चहा मागवला. चहा पोटात गेल्यावर तो खरे बोलू लागला. "हे चंदेरी नका घेऊ. आत हवा खेळत नाही. दव अडकलं की गाडी वरून नवरी आणि आतून गंज. तुम्ही हे करडं घ्या, कापडी, आतून अस्तर आहे. फक्त शिलाई एकेरी आहे, तिथून पाणी झिरपेल."

"शिलाईचं मी बघते. आणि हे चंदेरी केवढ्याला?"

"साडेतीनशे."

मावशींचा कप ओठांपाशीच थांबला. कोपऱ्यावरची तीच निळी पट्टी, तोच शिक्का. नोटिशीखाली टांगलेला नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"तुमच्या हॉस्पिटलात ऐंशी गेलीत की इथूनच," ताडपत्रीवाला सहज बोलून गेला. "हेडक्लार्कांचे मेहुणे टेम्पो घेऊन आले होते. का हो?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. पण चहा गोड लागेना.

करडे कव्हर साडेचारशेला पडले. घरी आणून त्यांनी एकूण एक शिलाई दुहेरी केली, त्यावर मेणबत्ती घासली, वरून कोमट इस्त्री फिरवली. सायलेन्सरपाशी जुन्या गोधडीचा जाड तुकडा आतून लावला. वाऱ्याने उडू नये म्हणून पोटाखालून बांधायला पट्टा शिवला. मग मोरीत उलटे धरून त्यात बादलीभर पाणी ओतले आणि दहा मिनिटे वाट पाहिली. खाली एक थेंब पडला नाही. "बघा हो," त्या भिंतीवरच्या फोटोला म्हणाल्या.

नियम सुरू झाला तो सोमवार. सगळ्यांनी गाड्या लावल्या आणि वॉचमनच्या शिट्टीसरशी झाकल्या, तापल्या होत्या तशाच. दुपारी आवारात जळक्या प्लॅस्टिकचा वास भरून राहिला. मंगळवारपासून मावशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या.

गुरुवारी साडेदहाला, तिसरी लाल रेघ पडल्यावर, त्यांना कार्यालयात बोलावणे आले. तिथे बालरोग वॉर्डातली धाकटी सिस्टर आधीच उभी होती. तिच्या हातातल्या चंदेरी कव्हरला ताटाएवढे भोक पडले होते.

"सिस्टर, जाळलंत तुम्ही, त्याला कार्यालय काय करणार?" हेडक्लार्क म्हणत होते. "नवीन घ्या."

"मी जाळलं? लावताक्षणी झाका असं तुम्ही लिहिलंत. लावताक्षणी सायलेन्सरचा काय बर्फ होतो?"

"आवाज खाली."

"माझा चढतो हो. खाली आवाज ऐकायचा असेल तर मावशींचा ऐका, आल्यात त्या."

हेडक्लार्कांनी मोर्चा इकडे वळवला. टेबलावर फायलींचा ढीग, हजेरीचे बुक, कपडेखोलीचे रजिस्टर, फोन. मागे भिंतीशी चंदेरी कव्हरांची थप्पी.

"काय टाकेमावशी, तीन दिवस, तीन रेघा! गाडीशी गप्पा मारत उभ्या असता म्हणे?"

"गार होऊ देते."

"का, ताप येतो गाडीला? थर्मामीटर लावता की काय?"

"मी नाही लावला. पण सिस्टरच्या कव्हरला कळला ताप."

सिस्टरने तोंडावर हात धरला. हेडक्लार्कांच्या कपाळावर आठी उमटली.

"विनोद पुरे. नियमात चंदेरी लिहिलंय, तुमचं करडं आहे. आणि..." ते खुर्चीत मागे रेलले. "ते अस्तराचं कापड जरा ओळखीचं वाटतं. कपडेखोलीतलं तर नाही ना? नाही, विचारलं आपलं. चाव्या तुमच्याकडेच असतात म्हणून."

वर पंखा करकरत होता. एकतीस वर्षे! स्वतःचे बटण तुटले तर इथला दोरा मावशींनी वापरला नव्हता. पर्समध्ये घरचे रीळ असे. यजमान याच इस्पितळात गेले, तेव्हा त्यांना इथल्याच चादरीत गुंडाळून घरी नेले होते. ती चादर मावशींनी स्वतः धुतली, इस्त्री केली, चौथ्या दिवशी परत आणली आणि रजिस्टरमध्ये लिहिले होते: 'एक चादर, जमा.' ते रजिस्टर आता याच माणसाच्या कोपराखाली होते.

"पुन्हा म्हणा," मावशी म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता, की हेडक्लार्कांना पुढे झुकावे लागले.

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणालात. पंखा वाजतोय, पण मला ऐकू येतं." त्यांनी कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "या चाव्या. आत्ता वर चला आणि एकेक चादर मोजा. सिस्टर साक्षीला आहेत. एक सूत कमी निघालं, तर मी आज घरी जाते ती परत येत नाही. सगळं पुरं भरलं, तर खाली आवारात उभं राहून तुमचं वाक्य मागं घ्यायचं."

हेडक्लार्कांनी जुडग्याला हात लावला नाही.

"अहो, तुम्ही फारच मनाला लावून घेता. मुद्दा कव्हरचा आहे. आपलं मंजूर कव्हर वॉटरप्रूफ आहे, तुमचं घरगुती."

"वॉटरप्रूफ आहे?"

"शंभर टक्के!"

मावशी थप्पीपाशी गेल्या. एक नवे कव्हर उघडून, झटकून, त्यांनी ते अलगद टेबलावर पसरले, फायलींवर, बुकावर, फोनवर. चारी कोपरे दाबून बसवले, रोग्याच्या पलंगावर चादर घालावी तसे. मग खिडकीतला पाण्याने भरलेला जग उचलला.

"अहो! अहो, काय करताय?"

"पाणी ओततेय. शंभर टक्के आहे ना?"

विंचू चावल्यासारखे हेडक्लार्क खुर्चीतून उठले. कव्हरखाली दोन्ही हात घालून त्यांनी फायली, बुक, रजिस्टर, सापडेल ते ओढले आणि पोटाशी कवटाळले. "सिस्टर, धरा, धरा यांना!"

"कशी धरू? माझ्या हातात जळकं कव्हर आहे."

मावशींनी पाणी ओतले नाही. जग परत खिडकीत ठेवला, जुडगा उचलून कमरेला लावला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "उत्तर मिळालं. हेच कव्हर बाजारात साडेतीनशेला मिळतं, आणि इथं कुणाच्या टेम्पोतून आलं, तेही मला ठाऊक आहे."

दारात गोळा झालेल्या कारकुनांपैकी कुणीतरी भिंतीकडे तोंड करून खोकले. हेडक्लार्कांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. फायली पोटाशी तशाच धरून ते ओरडले, "गाडी गेटबाहेर! आजच्या आज! आणि रेघा पुसल्या जाणार नाहीत, सांगून ठेवतो!"

मावशी जिना चढून वर आल्या. आवाज चढला नव्हता, नेम शाबूत होता. पण नेम शाबूत राहिला म्हणून राग थोडाच निवतो? एका अभ्र्याला त्यांनी वाकडी शिलाई घातली, उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. हात ओले करून घेतले हेडक्लार्कांनी, आणि मोजायच्या चादरी आपल्या. हे कुठल्या देवाला पटायचे?

दुपारी सिस्टर वर डोकावली. "मावशी, ओतायचं होतं हो तुम्ही!"

"आपलं रजिस्टर होतं त्या ढिगात. भिजलं असतं."

चार वाजता त्या खाली उतरल्या. स्कूटरच्या जागी जमिनीवर तेलाचा एक थेंब तेवढा होता. मावशींनी इकडेतिकडे पाहिले. गेटबाहेर वॉचमन हात हलवत होता.

"इथं आहे, मावशी. चालू नाही केली हं, ढकलत आणली. सावली होती तिथं लावली, माझ्या सायकलच्या साखळीनं खांबाला बांधली. तुमचं करडं कव्हर घातलंही होतं, पण हेडक्लार्क खाली येऊन काढायला लावून गेले. सावली दोनला सरकली, काय करू?"

कव्हरची घडी त्याने चौपदरी घातली होती, मावशी घालत तशीच.

"आणि गेट कुणी सांभाळलं?"

"दोन्हीकडं मीच की. मालक शेजारी उभा असेल तर..." तो ओशाळून हसला. "मी मालक नाही म्हणा."

मावशींनी कुंपणापलीकडे पाहिले. शेडमध्ये चार मोटारी गार सावलीत उभ्या होत्या. पत्र्यांवरचे नटबोल्ट इतक्या लांबूनही त्यांना ओळखू येत होते.

"उद्या कसं करणार?" वॉचमनने विचारले.

"उद्या साडेआठला येईन. गेटबाहेर लावायला गेट उघडायची वाट कशाला बघायची? गार होऊ देईन, माझ्याच कव्हरनं झाकीन आणि नऊला सही करीन."

"आणि चोरीला गेली तर?"

मावशी गाडीपाशी गेल्या. त्यांनी सीटवर तळहात टेकवला आणि चटकन उचलला. तवा झाला होता नुसता. वृद्धाश्रमाच्या पायरीवर आक्का तीनपासूनच चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या असणार.

मावशींनी कव्हरची घडी मागच्या सीटवर ठेवली, गोधडीची बाजू वर करून, आणि चारी बाजूंनी दाबून बसवली. साखळी सोडून वॉचमनच्या हातात दिली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. एक हात मागे नेऊन घडी सरळ आहे ना एवढे त्यांनी पाहिले, आणि बेकरीच्या रस्त्याला वळल्या.